रस्ता आत नेण्याचं गणित

बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याहून पोहनेरच्या बाजूला गेलं की गोदावरी लागते. तिच्या काठी शेत असलेल्या माणसाला एक गोष्ट पाठ असते. पूर चढलेला असतो, पाणी काठाला धडका देत असतं, उन्मळलेल्या बाभळी वाहत येत असतात. तेव्हा काठ बहुतेक वेळा उभा राहतो. मग पूर उतरतो, ऊन पडतं, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि दोन-तीन दिवसांनी तोच काठ बांधासकट, झाडासकट धाडकन खाली बसतो. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरीनं बीड जिल्ह्यात शेतं खरडून नेली, ती वाहत्या पाण्याच्या ओढीनं. पाणी ओसरल्यावर काठ ढासळतो, ते दुखणं वेगळं.

मार बसत असताना न पडलेला काठ मार थांबल्यावर का पडतो? याचं उत्तर समजलं की समुद्राकाठच्या कड्यांवरचे रस्ते का खचतात, भिंत बांधूनही ते का वाचत नाहीत आणि शेवटी अख्खा रस्ताच आत का न्यावा लागतो, हेही समजतं. सिरसाळ्याला समुद्र नाही, पण मातीला आणि पाण्याला नदीकाठी एक नियम आणि समुद्रकाठी दुसरा, असं नसतं.

पाणी आतलं आणि बाहेरचं

पूर चढतो तेव्हा काठावर दोन गोष्टी एकदम घडतात. बाहेरचं पाणी काठ कुरतडत असतं, पण त्याच वेळी ते काठाला बाहेरून रेटूनही धरत असतं. इकडे काठाची माती पाणी पिऊन जड होत जाते. काळ्या रानात हे जास्तच होतं. उन्हाळ्यात ही माती आकसते, हात-दोन हात खोल भेगा पडतात. पावसाळ्यात याच भेगांतून पाणी थेट आत उतरतं.

धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी झपाट्यानं उतरते. बाहेरचा रेटा जातो. आतलं पाणी मात्र चिकणमातीतून इतक्या लवकर बाहेर पडू शकत नाही. मातीचे कण एकमेकांना घट्ट टेकलेले असतात तोवर ती उभी राहते. कणांमधल्या जागेत दाबाखालचं पाणी भरलं की कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. काठ जड झालेला, पकड सुटलेली आणि बाहेरून आधार नाही, अशा अवस्थेत तो बसतो. पुरानं त्याला आतून तयार करून ठेवलेलं असतं, पडण्याचा मुहूर्त तेवढा ओसरणीचा.

समुद्रकाठच्या कड्यालाही बरेचदा आतलं पाणीच पाडतं. वर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि तिथून कड्याच्या तोंडाकडे झिरपतो. म्हणून कडे वादळाच्या रात्रीच पडतात असं नाही, पाऊस थांबल्यावर स्वच्छ उन्हातही पडतात. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, याचं चांगलं उदाहरण पाहायला मिळतं. वर जांभ्याचा टणक, उभ्या भेगांचा थर असतो आणि त्याखाली मऊ, पांढुरकी-तांबूस चिकणमाती. पाणी जांभ्यातून सरळ खाली जातं, चिकणमातीवर थबकतं आणि बाजूनं बाहेर येताना ती माती थोडी थोडी घेऊन जातं. जांभा झिजत नाही, त्याच्या बुडाखालची माती जाते. मग खोलीएवढे चिरे एकेक करून सुटतात.

बुडाला लागलेली लाट

आतल्या पाण्याला बाहेरून साथ देते ती लाट. कडबा काढताना गंजी वरून न उतरवता जनावरं बुडाशीच सोडली, तर ती तोंड पोहोचेल तेवढंच खातात. बुडाला बोगदा पडत जातो, वरच्या पेंढ्या जागच्या हलत नाहीत, गंजी शाबूत दिसते. आणि एके दिवशी कोणीही हात न लावता ती पुढे कलंडते. लाट कड्याचं हेच करते. तिची पोच भरतीच्या पाण्याइतकीच, पण तेवढी तिला पुरते.

लाट नुसत्या पाण्यानं खडक फोडत नाही. ती आपटते तेव्हा खडकाच्या भेगांतली हवा दाबली जाते आणि लाट मागे हटताच ही हवा झटक्यानं फुगते. हे दिवसात हजारो वेळा घडतं, भेग रुंदावत जाते. शिवाय लाटेत वाळू आणि गोटे असतात, ते बुडाशी घासून कपार कोरतात. कपार पुरेशी खोल झाली की वरच्या भागाला खालून टेका उरत नाही. मग कड्याच्या कडेशी समांतर, कडेपासून काही हात आत, जमिनीवर एक बारीक भेग उमटते. रस्त्याच्या इंजिनिअरला सर्वांत जास्त धास्ती असते ती या भेगेची. डांबरातून ती केसाएवढी दिसते, पावसाचं पाणी तिच्यात शिरतं आणि तिच्या पलीकडचा अख्खा तुकडा हिशेबातून गेलेला असतो.

कडा कोसळल्यावर त्याचा ढिगारा बुडाशी पडतो आणि काही काळ लाटांचा मार स्वतः झेलतो. त्या काळात कडा स्थिर दिसतो. लाटा हळूहळू तो ढिगारा धुऊन नेतात, बूड पुन्हा उघडं पडतं, कपार पुन्हा सुरू होते. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरतं आणि प्रत्येक फेरीत कडा एक पाऊल मागे येतो.

सरासरी कशी फसवते

‘इथला कडा वर्षाला सरासरी फूटभर मागे सरतो’ असं वाक्य अहवालात असतं. वाचणाऱ्याला वाटतं, दरसाल फूटभर. प्रत्यक्षात पंधरा वर्षं एक इंचही हलत नाही आणि सोळाव्या वर्षी एका रात्रीत पंधरा-वीस फूट जातं. सरासरी तीच येते, अनुभव मात्र अगदी वेगळा.

रस्त्याबद्दलच्या चुकीच्या निर्णयांचं मूळ बरेचदा इथं असतं. पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, कडेला दुकानं येतात, रस्ता रुंद होतो. रस्त्याच्या गटाराचं तोंड कड्यावरूनच खाली सोडलं जातं, म्हणजे पावसाचं पाणी एकवटून नेमकं नको तिथं पोहोचतं. आणि तुकडा सुटतो तेव्हा ‘अचानक’ हा शब्द बातमीत येतो.

भारताच्या मुख्य भूमीचा किनारा किती मागे सरतो आहे, हे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून मोजलं आहे. देशात सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची कमी-अधिक धूप होते आहे, महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश. आपल्या किनाऱ्याचा बराच भाग टणक खडकाचा आहे, म्हणून तो आकडा कमी आहे. पण हीसुद्धा सरासरीच. ज्याच्या माडाखालची जमीन गेली, त्याच्यासाठी धूप शंभर टक्केच असते.

भिंत बांधली तर?

पहिली मागणी भिंतीचीच होते आणि ते साहजिक आहे. कोकणात गावोगाव धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या-पंधरामाड भागातला बंधारा उधाणांनी वर्षानुवर्षं खचत आला, दगड टाकायचे, ते जायचे, पुन्हा टाकायचे. नंतर तिथं काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, टाकून नवा बंधारा घालायचं काम काढावं लागलं. एक बंधारा म्हणजे एकदाचा खर्च नसतो, ती कायमची देखभाल असते.

भिंतीच्या तीन अडचणी आहेत. पहिली तिच्या पायाशी असते. उतरत्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाट पसरते आणि दमते. उभ्या भिंतीवर ती आपटून तशीच परत फिरते आणि जाताना पायाजवळची वाळू उपसून नेते. भिंतीपुढची पुळण खोल होत जाते, त्यामुळे पुढच्या उधाणाची लाट आणखी मोठी येऊन आदळते. दुसरी अडचण भिंतीच्या टोकांना येते. भिंत संपते तिथं लाटांचा जोर वळून बिनभिंतीच्या जमिनीवर पडतो आणि शेजारची वाडी आधीपेक्षा लवकर झिजते. मग तीही भिंत मागते.

तिसरी अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कडा झिजून जी माती-वाळू पडते, तिच्यातूनच आजूबाजूच्या पुळणींना वाळू मिळते आणि पुळण हीच काठाचं पहिलं रक्षण करते. कडा भिंतीनं बंद केला की हा पुरवठा थांबतो. नद्यांवरच्या धरणांत गाळ अडतो, बंदरांचे धक्के किनाऱ्याच्या कडेनं सरकणारी वाळू अडवतात, त्यात ही भर पडते. नदीकाठीही असंच होतं. पात्रातली वाळू हायवा ट्रकांनी उपसून नेली की तळ खोल जातो, काठाची उंची वाढते आणि त्याच्या बुडाला असलेला टेका नाहीसा होतो.

याचा अर्थ भिंत कधीच बांधू नये असा नाही. मागे गाव असेल, दवाखाना असेल, हलवता न येणारं देऊळ असेल, तर बांधावीच लागते. पण भिंत वेळ विकत घेते. त्या विकत घेतलेल्या वेळात पुढची सोय केली नाही, तर दर काही वर्षांनी तोच वेळ वाढत्या भावानं पुन्हा घ्यावा लागतो.

किती आत न्यायचा?

रस्ता आत न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न अंतराचा. हिशेब तीन रकमांचा असतो.

पहिली रक्कम सरासरी वेगाची. समजा कडा वर्षाला ३० सेंटीमीटर मागे सरतो आणि नवा रस्ता ५० वर्षं टिकवायचा आहे. म्हणजे १५ मीटर. दुसरी रक्कम एका वेळी सुटणाऱ्या सर्वांत मोठ्या तुकड्याची. तिथले जुने ढासळे बघून ती ठरते. समजा १० मीटर. तिसरी रक्कम सुरक्षित पट्ट्याची. गाड्यांचं वजन, रस्त्याचा भराव, गटार आणि ती समांतर भेग यांच्यासाठी आणखी समजा १० मीटर. एकूण ३५ मीटर, आणि हे अंतर आजच्या कडेपासून नव्या रस्त्याच्या अलीकडच्या कडेपर्यंत मोजायचं. समुद्राची पातळी वाढते आहे, त्यामुळे जुना वेग पुढे तसाच राहील असं धरून चालत नाही. जाणकार पहिली रक्कम वाढवून धरतात.

हा वेग कळतो कसा? जुने सर्व्हेचे नकाशे, विमानातून काढलेली छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं एकावर एक ठेवून. आणि सर्वांत स्वस्त रीत म्हणजे काठापासून लांब, न हलणारी एक खूण धरायची, विहिरीचा कठडा किंवा हद्दीचा दगड, आणि दर पावसाळ्यानंतर तिथून कडेपर्यंत टेप लावून आकडा लिहून ठेवायचा. दहा वर्षांची अशी वही कोणत्याही अंदाजापेक्षा भारी पडते.

जिथे रस्ते खरोखर हलले

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं जाणारा ‘हायवे १’ या विषयाची चालतीबोलती शाळा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला डेव्हिल्स स्लाइड नावाच्या उभ्या कड्यावरून १९३७ साली हा रस्ता काढला. त्याआधी तिथून रेल्वे जायची, तीही दरडींनी बेजार होती. रस्ता वारंवार खचला. १९९५ साली तो कित्येक महिने बंद राहिला. डोंगरावरून वळसा घालून रस्ता न्यायचा की बोगदा काढायचा, यावर मोठा वाद झाला आणि १९९६ साली काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मतदारांनी बोगद्याच्या बाजूनं कौल दिला. बोगदे खुले झाले ते २०१३ साली, म्हणजे १७ वर्षांनी. मधल्या काळात, २००६ साली, जुना रस्ता पुन्हा महिनोन्महिने बंद पडला होता. कड्यावरचा तो जुना रस्ता आता पायी आणि सायकलनं फिरणाऱ्यांसाठी राखला आहे.

त्याच हायवेवर पिएद्रास ब्लांकास इथं २०१७ साली सुमारे साडेचार किलोमीटरचा पट्टा आत सरकवला, काही ठिकाणी जवळजवळ १४५ मीटर. तिथं पुढच्या शंभर वर्षांची धूप हिशेबात धरली होती. सोनोमा काउंटीतल्या ग्लीसन बीचला कडा वर्षाला सुमारे फूटभर झिजत होता. कड्यावरची बरीच घरं गेली किंवा पाडावी लागली. २०२३ साली तिथला रस्ता जवळपास १२० मीटर आत गेला. वाटेत ओढ्याची दलदल होती, म्हणून भराव न घालता लांब पूल बांधला.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये डेव्हनला स्लॅप्टन इथला रस्ता गोट्यांच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून जातो, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला गोड्या पाण्याचं तळं. २००१च्या वादळात तो तुटला, तेव्हा तेवढा तुकडा थोडा आत घेऊन रस्ता चालू केला. २०१८च्या मार्चमध्ये वादळानं तो पुन्हा तोडला. पुन्हा आत सरकवून ऑक्टोबरात सुरू केला. दर वेळी आत सरकायला जागा कमीच होत जाते, कारण मागे तळं आहे. कडेलगत जेमतेम सरकवणं आणि हिशेबानं पुरेसं आत नेणं यातला फरक इथं दिसतो.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्रात समुद्रकड्यामुळे नाही, पण ढासळत्या डोंगरउतारामुळे रस्त्याची जागा बदलल्याचं ठळक उदाहरण मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी घाटाचं. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या या घाटात दरड दर पावसाळ्याची ठरलेली. दरड उपसत राहण्याऐवजी डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे काढले आणि २०२३च्या गणेशोत्सवात एका बोगद्यातून चाकरमान्यांच्या गाड्या जाऊ लागल्या. उतारावरचा रस्ता उताराच्या आत नेला, हीही माघारच, आणि शहाणपणाची.

आता नवा प्रश्न रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा आहे. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत जाणारा हा मार्ग काही ठिकाणी पुळणीजवळून, काही ठिकाणी जांभ्याच्या सड्यावरून जातो आणि धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल मागतो. समुद्र दिसावा म्हणून रस्ता कडेला न्यावा, हा मोह पर्यटनाच्या नावाखाली होणारच. किनारी नियमन क्षेत्राची २०१९ची अधिसूचना भरतीरेषेपासूनचं अंतर मोजायला लावते आणि भारतीय सर्वेक्षण विभागानं किनाऱ्याची धोकारेषाही आखली आहे. नवा रस्ता आखताना वरच्या हिशेबातले ३५ मीटर जादा सोडणं म्हणजे नकाशावर पेन्सिल थोडी सरकवणं. तोच रस्ता चाळीस वर्षांनी सरकवायचा तर घरं, बागा, दुकानं, पाण्याच्या लायनी, विजेचे खांब सगळं उठवावं लागतं. भूसंपादनाचा २०१३चा कायदा मोबदला आणि पुनर्वसन दोन्ही द्यायला लावतो, ते योग्यच आहे. पण जमीन मोकळी असतानाच पट्टा राखून ठेवला, तर उठवायला कोणी नसतंच.

गावपातळीवर हाच प्रश्न पाणंदीचा होतो. ओढ्यानं पाणंद खाल्ली की वाट शेजाऱ्याच्या गटातून काढावी लागते आणि भाऊबंदकीचा खटला उभा राहतो. शेताला जायला वाटच उरली नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. पण अर्जाची वेळ येण्याआधी, वाट पाच-सात हात शिल्लक असतानाच, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बसून नवी वाट कुठून काढायची हे ठरवलं, तर कोणाचंच फारसं जात नाही. वाट तुटल्यावर बैठक होते तेव्हा एकाला घाई असते, दुसऱ्याला नसते, आणि सौदा तिथंच बिघडतो. डेव्हिल्स स्लाइडची १७ वर्षंही काही सगळी बोगदा खणण्यात गेली नव्हती. कुठून जायचं हे ठरवण्यात आणि त्याची तयारी करण्यात बराच काळ गेला.

थोडक्यात

• काठ किंवा कडा दोन कारणांनी पडतो: बुडाला लागलेलं बाहेरचं पाणी आणि मातीत मुरलेलं आतलं पाणी. आतलं पाणी उशिरा काम करतं, म्हणून पडझड पूर किंवा पाऊस थांबल्यावरही होते.

• कडेला समांतर भेग दिसली की तिच्या पलीकडची जमीन वापरातून काढावी. भेगेत पाणी जाणार नाही असं बघावं आणि गटाराचं तोंड कड्यावर सोडू नये.

• ‘वर्षाला फूटभर’ ही सरासरी आहे. कडा एका रात्रीत वीस फूटही मागे येऊ शकतो.

• बंधारा वेळ मिळवून देतो, पण पुढची वाळू घालवतो आणि टोकांना शेजाऱ्याची जमीन झिजवतो.

• नव्या रस्त्याचं अंतर = सरासरी वेग × हवी तेवढी वर्षं + सर्वांत मोठा ढासळा + सुरक्षित पट्टा.

• खर्चाचा मोठा भाग बरेचदा डांबराचा नसतो, जागेचा असतो. म्हणून रस्ता नंतर सरकवला तरी चालेल, जागा मात्र आज राखून ठेवावी.